मोटारीच्या पाठीतला खर्ज



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा वक्त्याच्या पुढे कसलेही यंत्र नव्हते. वक्त्याची छाती हाच त्याचा ध्वनिवर्धक. ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल त्याने बोलावे, ज्याचा पोचणार नाही त्याने लिहावे, अशी त्या काळाची सरळ वाटणी होती. आज आमच्या चिचगडसारख्या जंगलाच्या कडेच्या गावातसुद्धा चार माणसांच्या बैठकीला लाउडस्पीकर लागतो. दीडशे वर्षांत माणसाच्या आवाजाला केवढे बळ आले! हे बळ आले कसे, ते मोटारीवर चढले केव्हा आणि टपावरून उतरून डिकीत जाऊन बसले कसे, हा आजचा विषय आहे.

इतिहासाच्या व्याख्यानात गड असावेत, लढाया असाव्यात, तह असावेत; त्यात मोटारीतला सबवूफर कुठून शिरला, असे काहींना वाटले असेल. पण हा विषय मला एका तरुणाने दिला. आमच्या देवरी तालुक्यातील हा गडी. नाव सांगण्याचे कारण नाही. नागपूरहून त्याने एक जुनी फियाट आणली, अकराशे डिलाइट, वयाने पन्नाशी ओलांडलेली. इंजिन दुरुस्त केले, रंग दिला. मग मागच्या काचेखालच्या फळीला, जिला मिस्त्रीलोक पार्सल ट्रे म्हणतात तिला, मोठे गोल भोक पाडून त्यात दहा इंची वूफर बसवावयाचे त्याने ठरविले. खडूने वर्तुळ काढले, पत्रा कापावयाची करवत आणली, आणि माझ्याकडे आला. मी मोटारीचा मिस्त्री नव्हे. पण तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरांच्या सभा पुकारण्यासाठी भाड्याच्या गाडीवर भोंगा बांधून मी ह्या भागात पुष्कळ वर्षे फिरलो आहे. म्हणून त्याला वाटले की, आवाजाचे ह्याला कळत असेल. कापू की नको, हा त्याचा प्रश्न. एका शब्दात उत्तर देता येईना, म्हणून मी वाचावयास बसलो. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम यंत्राचा जन्म पाहू. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे ठेवावे, त्यातून बदलता वीजप्रवाह सोडावा, म्हणजे वेटोळे मागेपुढे हलते. त्याला पडदा जोडला की हवा हलते आणि आवाज होतो. ही कल्पना इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली नोंदविली. पुढे अमेरिकेत पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम ह्या दोघांनी तिला कर्ण्याची जोड दिली आणि १९१५ च्या नाताळच्या आदल्या रात्री सॅन फ्रान्सिस्को शहरात प्रचंड जमावाला गाणे आणि भाषण ऐकविले. १९२५ साली राइस आणि केलॉग ह्या दोघा अभियंत्यांनी कागदी शंकूचा लाउडस्पीकर शास्त्रशुद्ध करून दाखविला. आज आपल्या घरात, देवळात किंवा मोटारीत जो गोल स्पीकर दिसतो, तो ह्याच घराण्यातला.

आपल्याकडे हा कर्णा आला तो स्वातंत्र्याच्या चळवळीबरोबर. महात्मा गांधींची आणि पंडित नेहरूंची जुनी छायाचित्रे पाहा. पुढच्या मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते. नाव परदेशी असले तरी हा मोटवाने कुटुंबाचा येथलाच व्यवसाय. १९३० नंतरच्या काळात काँग्रेसच्या मोठ्या सभांना त्यांचेच कर्णे असत. लाख माणसांना एका वेळी एकच वाक्य ऐकू यावे, ही गोष्ट त्या आधी आपल्या देशात घडलेली नव्हती. नंतर तोच कर्णा मजुरांच्या, शेतकऱ्यांच्या सभांत आला. टांग्यावर, बैलगाडीवर, जीपच्या टपावर चढला. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला आणि शंकरपट भरू लागले की, गावोगाव फिरणाऱ्या गाडीवरचा भोंगा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

ह्या भोंग्याचा एक गुण आणि एक दोष सांगितला पाहिजे. गुण हा की, थोड्या विजेत तो फार लांब ऐकू जातो. साधा कागदी शंकू दिलेल्या विजेपैकी शेकडा एक-दोन भागच आवाजात बदलतो. बाकीची उष्णता होऊन जाते. कर्णा त्याच्या कितीतरी पट आवाज काढतो. दोष हा की, त्याला खर्ज पेलत नाही. खालचा स्वर नीट काढावयाचा तर कर्ण्याचे तोंड काही मीटर रुंद असावे लागते, आणि तेवढा कर्णा जीपवर मावत नाही. म्हणून भोंग्यातून शब्द स्पष्ट येतो, पण ढोलाची थाप टिनाचा डबा वाजविल्यासारखी येते. बोलण्याचा अर्थ कळण्यास सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचा पट्टा पुरतो; जुना टेलिफोन तेवढ्यावरच चालत असे. भोंगा हे शब्दाचे यंत्र आहे.

आता मोटारीच्या आत शिरू. शिकागो शहरात पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्याने १९३० साली मोटारीत बसविण्याचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. त्या काळचा रेडिओ व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हला शे-दीडशे व्होल्ट लागत आणि मोटारीची बॅटरी असे सहा व्होल्टांची. म्हणून सुरुवातीला तळाची फळी कापून खाली वेगळ्या बॅटऱ्या बसवाव्या लागत; ठिणगीच्या प्लगांमुळे खरखर होई, तिचाही बंदोबस्त करावा लागे. म्हणजे मोटारीत आवाज बसविण्यासाठी मोटार कापावी लागते, ही अडचण आजची नाही. पहिल्या दिवसापासूनची आहे. मोटार करणाऱ्याने तिच्यात आवाजाची जागा ठेवली नव्हती. आवाज हा तेथे मागाहून आलेला पाहुणा होय.

आपल्या मोटारीची हकीकत अशी. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ साली तेथून पहिली वाहने बाहेर पडली. इटलीच्या फियाटशी करार होऊन १९५४ पासून अकराशे जातीची गाडी येथे बनू लागली. १९६४ साली ‘अकराशे डिलाइट’ आली. १९७० नंतरच्या दशकात फियाटचे नाव जाऊन प्रथम ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव आले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर गियर, पुढे सलग बाक. २००१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

हा कारखाना आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना आणखी एका कारणाने ठाऊक आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध कमलेकर शांताराम वाडके, हा १९७५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. औद्योगिक विवाद कायद्याने जो हक्क निर्माण केला त्याची दाद त्या कायद्याच्याच यंत्रणेकडे मागावी, दिवाणी न्यायालयाकडे नव्हे, हे त्या निकालाने ठरले. मी कायदा शाळेत शिकलो नाही. असे निकाल वाचून शिकलो. तेव्हापासून फियाट दिसली की मला आधी तिचा पत्रा दाबणारे, सांधणारे आणि घासणारे हात दिसतात.

ही गाडी लोकांची झाली ती मुंबईच्या टॅक्सीमुळे. १९६४ पासून डिलाइट टॅक्सी म्हणून धावू लागली. जॉर्ज फर्नांडिस यांनी ज्या टॅक्सीवाल्यांना संघटित केले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी काळीपिवळी पद्मिनीच चालविली. चालकाचे निम्मे आयुष्य त्या गाडीत जाई. म्हणून तो तिला घरासारखी सजवी. छताला फुलाफुलांचे कापड, पुढे देवाची तसबीर आणि मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर. फिलिप्स कंपनीने १९६३ साली युरोपात आणलेली कॅसेट १९८० नंतर आपल्याकडे स्वस्त झाली. त्याच दशकात रेडिओचा परवाना काढण्याची कटकटही संपली. गाणे परवडू लागले, आणि मागची फळी ही मोटारीतल्या गाण्याची जागा ठरून गेली. त्याला कारण होते. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. ह्या दोन लाटा एकमेकींस भेटल्या की खर्ज मारला जातो. फळीत बसविलेल्या स्पीकरची मागची लाट डिकीत कोंडली जाते आणि पुढची प्रवाशाकडे येते. न मागता मोटारीने एक मोठी पेटी देऊन ठेवली होती.

ह्या पेटीचे शास्त्र दरम्यान पुढे गेले होते. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी दाखविले की, लहानशा हवाबंद पेटीतली हवाच स्प्रिंगचे काम करते आणि छोट्या खोक्यातूनही खोल खर्ज निघतो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली, आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी, कोणत्या स्पीकरला केवढी पेटी हवी ह्याचे गणितच मांडले. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ ह्या अमेरिकन चित्रपटासाठी थिएटरांत प्रचंड वूफर आणून भूकंपाचा हादरा प्रेक्षकांच्या छातीत उतरविला. मग केवळ खर्जासाठी वेगळा स्पीकर, म्हणजे सबवूफर, घरात आला आणि घरातून मोटारीत. सेकंदाला शंभराच्या आतली कंपने हे त्याचे राज्य. तेथे व्यंजन नाही, स्वर नाही, शब्द नाही. आहे ती केवळ थाप.

येथे मला थांबावे लागले. टपावरच्या भोंग्यात केवळ शब्द होता आणि तो दुसऱ्यांसाठी होता. डिकीतल्या वूफरमध्ये शब्द मुळीच नाही आणि तो मालकासाठी आहे. पन्नास-साठ वर्षांत मोटारीचा आवाज लोकांकडून स्वतःकडे वळला, असे म्हणून मी त्या तरुणाला चार गोष्टी सुनावणार होतो. पण विचार करता ते अन्यायाचे वाटले. आमच्या भागातल्या मांदरीची थाप, दंडारीतल्या ढोलकीचा धुमारा, ह्यांना भोंग्याने आणि खिशातल्या ट्रान्झिस्टरने कधी न्याय दिला? पिढ्यान्‌पिढ्या ज्या तालावर आम्ही नाचलो, त्याचा खालचा अर्धा भाग यंत्राने कापून टाकला होता. ह्या पोराला तो अर्धा भाग परत हवा आहे. ही काही उधळपट्टी नव्हे. खर्ज हाही आपला वारसा आहे.

तेव्हा प्रश्न खर्ज हवा की नको हा उरला नाही. तो कापून घ्यावा की न कापता, एवढाच उरला. त्याची तीन अंगे आहेत.

पहिले अंग गाडीच्या हाडांचे. ह्या फियाटला ट्रकसारखी वेगळी लोखंडी चौकट नाही. पत्र्याची पेटी हीच तिची चौकट. छत, तळ, खांब मिळून भार वाहतात. जेथे मागची फळी पत्र्याची असून दोन्ही कुशींना सांधलेली असते, तेथे ती गाडी पिळवटू देत नाही. तिच्यात नऊ इंची भोक पाडणे म्हणजे घराची तुळई मधोमध पोखरणे होय. शिवाय चार-सहा किलोचे लोहचुंबक पातळ पत्र्याला लटकले की पत्रा थरथरून खर्जाऐवजी खडखडाट ऐकू येतो. आणि अपघातात ते सुटले तर मागे बसलेल्याच्या मानेवर येते.

दुसरे अंग विजेचे. चौदा व्होल्ट आणि चार ओहमचा स्पीकर असे गणित मांडले, तर कितीही चांगला साधा अँप्लिफायर पंचवीस वॉटांच्या आसपास थांबतो. जाहिरातीतले शेकडो वॉट मिळविण्यासाठी आतून व्होल्ट चढवावे लागतात. व्हॉल्व्हच्या रेडिओची जुनीच अडचण. खरे तीनशे वॉट काढावयाचे तर बॅटरीकडून चाळीस अँपिअरपर्यंत प्रवाह जातो. जुन्या गाडीचा डायनॅमो पंधरा-वीस अँपिअरांचा धनी. उरलेले कर्ज बॅटरी फेडते आणि एक दिवस दिवाळे काढते. पण एवढे वॉट हवेत कशाला? सेकंदाला पन्नास कंपनांच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर, म्हणजे सबंध गाडीपेक्षा मोठी. बंद काचांच्या एवढ्या छोट्या खोलीत ती लाट पसरत नाही. सगळी हवा एकदम दाबते. म्हणून मैदानात जेथे पाचशे वॉट कमी पडतात, तेथे मोटारीत पन्नासही पुरतात.

तिसरे अंग कायद्याचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून फेरफार करू देत नाही. त्याहून ह्या तरुणाच्या कामाचा नियम २०२१ सालचा. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. पण सांगाड्यात, पत्र्याच्या शरीरात किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट आहे. डिलाइट त्या वयाची झालीच आहे. करवतीचा एक फेरा, आणि तिचा तो मान धोक्यात. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. निदान एक तरी जतन करा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. ज्या गाड्या हजारोंनी होत्या तोवर कापल्या तरी कोणी विचारले नसते, त्या आता मोजक्या उरल्या आहेत.

तेव्हा मी त्याला मार्ग सुचविला तो असा. फळी बोल्टांनी बसविलेली असेल तर ती जशीच्या तशी काढून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावी, आणि त्याच मापाची, त्याच भोकांवर बसणारी जाड प्लायवूडची फळी करून तीत काय ते भोक पाडावे. डिकी आणि आसनाची पाठ ह्यांमधल्या फटी मात्र बुजवाव्या, नाहीतर दोन्ही लाटा एकमेकींस गाठतील. फळी सांधलेला पत्रा असेल तर तिला हात लावू नये. वूफर लाकडी हवाबंद पेटीत घालून डिकीत पट्ट्यांनी घट्ट आवळावा. खर्ज हा आसनाच्या काथ्या-रेक्झिनमधून सहज पलीकडे जातो. तो कोठून आला हे कानाला कळतही नाही. बॅटरीपासून जाडी तार वेगळी न्यावी, बॅटरीजवळच फ्यूज घालावा, आणि पत्र्यातून तार जाते तेथे रबरी वळे बसवावे. कधी मन पालटले तर चार बोल्ट सोडले की गाडी होती तशी.

तो तयार झाला. पेटी झाली, बसली. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर एक वृद्ध मित्र आले होते. त्यांनी तारुण्याची पंचवीस वर्षे दूर एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर काढली. कान तेथेच राहिले. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कारखान्यातील आवाजाची मर्यादा. ९५ झाले की चार तास, १०० झाले की दोनच. गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कायद्याने भरपाईला पात्र असा व्यवसायजन्य रोग आहे. परंतु त्यांना हे कोणी वेळेवर सांगितले नाही, आणि भरपाईही मिळाली नाही. गाणे लागले. त्यांना काही ऐकू येईना. मग त्यांनी डिकी उघडून पेटीवर तळहात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि म्हणाले, “मांदरी आहे.” ढोलकी त्यांना कानाने जी वीस वर्षांत ऐकू आली नव्हती ती हाताला ऐकू आली.

तो तरुण हे पाहत होता. त्याने आपण होऊन आवाज कमी केला. त्याला मी एवढेच सांगितले की, १०० डेसिबलचे गणित प्रेसवाल्याला जसे लागू, तसे बंद काचांच्या मोटारीत बसलेल्यालाही लागू. कान मजुरी आणि मौज ह्यांत फरक करीत नाहीत. आणि काचा खाली केल्या की तो खर्ज त्याचा राहत नाही, गावाचा होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची रेषा आखली, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आपला आवाज दुसऱ्यावर लादण्याचा हक्क भाषणस्वातंत्र्यात येत नाही. भोंगा बांधून फिरणाऱ्या मलाही तो निकाल लागू आहे, हे कबूल करतो.

श्रोतेहो, इतिहास म्हणजे गेलेल्यांनी केलेले काम. त्यातले काही दगडात असते, काही पत्र्यात. आपल्या काळाचा आवाज त्यात जरूर भरावा. पण आपल्यामागून येणाऱ्याला तो काढता आला पाहिजे, आणि शेजाऱ्याला झोपता आले पाहिजे. त्या खडूच्या वर्तुळाची खूण फळीवर अजून अंधूक आहे. पुसू नको, असे मी त्याला सांगितले आहे.